काकांनी बनवलेली पेटी
काकांना सगळंच येतं, निदान काकांच्या मते तरी! काकूने मागच्या खोलीत विकायला शेवंती लावली होती. रात्री पुरता अंधार मिळाला नाही तर तिला कळ्याच धरत नाहीत. म्हणून तिथे उन्हाऐवजी लावलेले मोठाले दिवे पहाटे आपोआप चालू आणि संध्याकाळी बंद करणारी पेटी बनवायचा विडा काकांनी उचलला. इलेक्ट्रिशियनने बजावलं होतं, "टायमरला एवढा भार झेपणार नाही. त्याने फक्त कॉन्टॅक्टरला, म्हणजे या दणकट स्विचला, हुकूम सोडायचा, दिवे कॉन्टॅक्टर सांभाळेल." पण कॉन्टॅक्टर पहाटे खटकन वाजतो, झोपमोड होते, म्हणून महाशयांनी तो काढून दिवे थेट टायमरलाच जोडले.

व्हायचं तेच झालं. टायमरच्या आतल्या पट्ट्या तापून एकमेकींना चिकटल्या. संध्याकाळ उलटली तरी खोली आपली लख्खच.

"हल्ली मालच फालतू येतो," काका टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले.

"हो ना, अक्कलही त्याच दुकानातून आणलीत वाटतं!" म्हणत काकूने अख्ख्या घराचा मेन स्विच खाली ओढला.

"अगं, माझी मॅच!"

"पेटी नीट होईपर्यंत रोज याच वेळी अंधार होणार. मला कळ्या हव्यात. तुमचं काय अडतंय? तुमच्या डोक्यात तसाही कधी उजेड पडत नाही."