पाहुण्याचा वारा

आमच्या फेरो बेटांवरच्या या गावात पाहुण्या संघाला आधी वारा देतात. पूर्वी शेजारच्या बेटावरून पोरं होड्या वल्हवत फुटबॉल खेळायला यायची. हात गळून गेलेले असायचे, म्हणून पूर्वार्धात वारा त्यांच्या पाठीशी. आता समुद्राखालून बोगदे झाले, तरी रीत आहे. नाणेफेक आपण जिंकली तरी पाहुण्यांना विचारायचं, वारा कुठल्या अंगाने हवा?

माझा नवरा त्रोन्द संघाचा कप्तान, एरवी मासळीच्या कारखान्यात. हा त्याचा शेवटचा हंगाम, आणि युरोपच्या स्पर्धेत आमच्या वाट्याला आला एक बडा क्लब. त्यांचे शर्ट आमचीच निम्मी पोरं घालून हिंडतात. घरच्या मैदानावर त्यांना एकदा हरवायचं, एवढंच त्रोन्दच्या मनात होतं. त्याच आठवड्यात त्यांचा मालक टीव्हीवर म्हणाला, बड्यांची वेगळी स्पर्धा काढू, या लहानांपायी वेळ फुकट जातो. म्हणजे पंगतही यांची आणि वाढपीही यांचाच. माझं डोकंच फिरलं.

आदल्या दिवशी जेवताना माझा दीर आयलिफ, आमचा गोलरक्षक, म्हणाला, "दादा, रीत वल्हवत येणाऱ्यांसाठी आहे. हे स्वतःच्या विमानातून उतरलेत. यांचे कसले हात गळालेत? वहिनी, तू तरी सांग याला."

"सांगतेच. जन्मभर सगळं त्यांच्याच बाजूने असतं. एक दिवस तू वारा घेतलास तर आभाळ कोसळणार नाही."

त्रोन्द वाऱ्यावर सुकवलेल्या मांसाचे काप काढत होता. "माणूस बघून पाळायची तर ती रीत कसली? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

दुसऱ्या दिवशी नाणेफेक त्रोन्दनेच जिंकली आणि त्यानेच विचारलं. त्यांच्या कप्तानाला वाटलं, थट्टा चाललीय. त्रोन्दने रीत समजावली, तेव्हा त्याने हव्या त्या टोकाकडे बोट दाखवलं. पूर्वार्धात वाऱ्याच्या जोरावर त्यांनी दोन गोल मारले. एक तर आयलिफच्या डोक्यावरून वळून आत गेला, आणि आयलिफ जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही.

उत्तरार्धात वारा आमचा. सगळं गाव सरसावून उभं राहिलं, आणि वारा पडला. दोरीवरचे कपडेसुद्धा हलेनात. मी नवऱ्याला मोठ्याने शिव्या घातल्या.

पण मग आमची पोरं खेळली. वारा ना त्यांचा ना आमचा. कारखान्यातली, शाळेतली, होडीवरची ही माणसं त्या बड्यांना चेंडू मिळू देईनात. त्रोन्दने डोक्याने गोल मारला. त्यांना एकही जमला नाही. एक विरुद्ध दोन, आम्ही हरलो. पण बिनवाऱ्याचा तो अर्धा सामना आमचा होता. इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

परतीचा सामना त्यांच्या छत घातलेल्या अवाढव्य स्टेडियममध्ये. मी टीव्हीवर पाहत होते. नाणेफेक त्यांच्या कप्तानाने जिंकली, दोन्ही टोकांकडे हात करून तो काहीतरी बोलला आणि त्रोन्द हसला. मग आम्ही पाच गोलांनी मार खाल्ला.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होता रे तो?"

"वारा कुठल्या अंगाने हवा, म्हणाला."

"छताखाली कसला आलाय वारा?"

"मीही तेच म्हटलं," त्रोन्द बूट काढत म्हणाला. "तर म्हणतो, ठाऊक आहे. पण तुम्ही पाहुणे."