अँटवर्पचं चित्र

सुदर्शन पडवळ सर शाळेत चित्रकला शिकवत. यथार्थदर्शनाचा धडा आला की ते एका जुन्या फ्लेमिश चित्राचं कात्रण फळ्याला लावत. चर्चचं आतलं दालन, लांब जात लहान होत गेलेले खांब आणि दूर एका बिंदूत मिळालेल्या फरशीच्या रेघा. एकदा एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही हे खरं पाहिलंय? सर सहज हो म्हणून गेले. बेल्जियममध्ये, अँटवर्पला. पुढच्या वर्षी त्यात भर पडली, की चित्र भिंतीएवढं आहे, समोर उभं राहिलं की आत चालत जावंसं वाटतं. अठरा वर्षं ते हेच सांगत आले. पासपोर्ट त्यांनी कधी काढलाच नव्हता.

त्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला जुना विद्यार्थी हौशीराम आला. तो खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात नोकरीला होता आणि कामासाठी नुकताच बेल्जियमला जाऊन आला होता. भाषणात त्याने सांगितलं, की तिथला एकुलता एक रविवार त्याने सरांचं चित्र बघण्यात घालवला. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, अंजनाबाईंनी, मान खाली घातली.

"सर म्हणायचे तसंच हाय," हौशीराम म्हणाला. "भिंतीएवढं."

टाळ्या पडल्या.

जेवणं सुरू झाल्यावर सरांनी त्याला मांडवामागे गाठलं आणि चित्र नेमकं केवढं आहे ते विचारलं. हौशीराम घुटमळला.

"वहीच्या पानाएवढं. तांब्याच्या पत्र्यावर काढलंय. लई बारीक काम हाय, सर."

"मग खोटं का बोललास?"

"तुमचा कार्यक्रम व्हता, सर."

तो चिडला असता, हसला असता, तरी बरं झालं असतं. आपलं खोटं झाकायला या भल्या माणसाने चारचौघांत खोटं बोलावं, हे सरांना सोसवेना. मी कधी गेलोच नव्हतो रे, असं ते कसंबसं म्हणाले. हौशीराम त्यांना जेवायला घेऊन गेला. आभाराच्या भाषणात सरांनी खरं सांगायचं ठरवलं होतं. उभे राहिले, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

घरी जाताना अंजनाबाई एवढंच म्हणाल्या, "शाळेतल्या पोरांना तरी खरं सांगा."

सोमवारी सरांनी त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंकडून आठवीचा एक तास मागून घेतला. चित्र छोटं आहे आणि आपण ते पाहिलेलं नाही, हे त्यांनी फळ्याकडे तोंड करूनच सांगितलं. मुलं हसली नाहीत. एकाने विचारलं, "मग आम्हाला तसं का सांगितलं, सर?"

सरांनी हातातला खडू ठेवला आणि ते वर्गाबाहेर पडले. शिक्षकांच्या खोलीत चहाला न थांबता ते घरी आले.