तोरीबियो हजर

"तोरीबियो हेरोनिमो!"

"हजर," ओदिलिया म्हणाली. मांडीवरच्या टोपलीतल्या घेवड्याच्या शेंगा सोलायचं तिनं थांबवलं नाही.

बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली, सान मेल्चोरची गावसभा भरली होती. गावप्रमुख एर्मिलोकाका माइकवरून हजेरी घेत होते. ओदिलियाचा नवरा तोरीबियो त्या वेळी लॉस एंजेलिसच्या कुठल्याशा हॉटेलात ताटल्या विसळत असणार हे त्यांना ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण गावची रीत अशी, की घरच्या पुरुषाचं नाव पुकारलं की घरातून कुणीतरी 'हजर' म्हणायचं. नाही म्हटलं तर दंड, वर बोलणी. बाईच्या तोंडून पुरुषाची हजेरी ऐकून सुरुवातीला पोरं फिदीफिदी हसायची. आता कुणी हसत नव्हतं. निम्मे पुरुष सीमेपलीकडे उत्तरेला कामाला गेलेले, हसणार कोण आणि कुणाला!

आज मात्र बायका नुसती हजेरी द्यायला आल्या नव्हत्या. आज त्यांना पहिल्यांदा मत होतं. बायकांनी मत दिल्याशिवाय आणि उभं राहिल्याशिवाय निवडणूक मान्य नाही, असा हुकूम राज्याच्या राजधानीतून आला होता. तो आपोआप आला नव्हता. त्याच्यासाठी ओदिलिया आणि तिची शेजारीण नातिविदाद यांनी राजधानीला खेटे घालून चपला झिजवल्या होत्या. साहेब जेवायला गेलेत, साहेब रजेवर आहेत, साहेबांची बदली झाली. एका साहेबानं तर विचारलं होतं, "तुमच्या नवऱ्यांना माहीत आहे का, तुम्ही इथे आलाय ते?" त्याच्या टेबलावरची शाईची दौत उचलून त्याच्या डोक्यावर रिकामी करावी असं ओदिलियाला वाटलं होतं. केली नाही, एवढंच.

एर्मिलोकाकांनी नाकावर चष्मा चढवला. "नवा गावप्रमुख. नावं सुचवा."

नातिविदाद उठली. "ओदिलिया!"

कुजबूज झाली. चिटणिसानं फळ्यावर खडूनं लिहिलं: 'तोरीबियोची ओदिलिया'.

"बरं," एर्मिलोकाका म्हणाले, "पण गावचा नेम सगळ्यांना लागू. गावप्रमुख व्हायचं तर आधी खालच्या सगळ्या सेवा करून झाल्या पाहिजेत. पोरी, तू कुठली सेवा केलीस?"

ओदिलियानं टोपली खाली ठेवली.

"काका, मजा करता का माझी? चावडीवर शिपाई म्हणून रात्रीची गस्त कुणी घातली? शेजारच्या गावाला पावसातून निरोप घेऊन कोण गेलं?"

"तोरीबियोची सेवा होती ती."

"आणि पाणी समितीत? वरच्या झऱ्यातली नळी तुंबली की डोंगर चढून कोण जायचं?"

"तेही त्याच्याच नावावर आहे."

"सणाला बँडवाल्यांना कुणी रांधून घातलं? मक्याच्या पिठाचे एवढाले तमाले वाफवले, माझ्या हाताची सालपटं निघाली!"

"तमाले झकासच झाले होते," मागून कुणीतरी म्हणालं. "तोरीबियोचं नाव काढलं लोकांनी!"

आता मात्र हद्द झाली. करायचं हिनं आणि नाव व्हायचं त्याचं! बरं, तोरीबियो वाईट माणूस होता असंही नव्हे. पैसे पाठवायचा, रविवारी फोन करायचा. पण फोनवर सांगायचा काय, तर रस्त्याच्या कामाला नीट जा हां, आपल्या घराला नाव ठेवायला जागा देऊ नकोस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. रस्त्याच्या कामावर कुदळ घेऊन ती उभी राहायची, संध्याकाळी चिटणीस नोंदवायचा, तोरीबियो आला होता.

"नेमाप्रमाणे बोलायचं," चिटणीस म्हणाला, "तर सगळ्या सेवा पूर्ण झालेला माणूस गावात एकच. तोरीबियो हेरोनिमो. त्याचं नाव मी सुचवतो."

आणि त्यानं लगेच तेही फळ्यावर लिहून टाकलं. आयत्या बिळावर नागोबा! ओदिलियानं नातिविदादकडे पाहिलं. नातिविदादनं कपाळावर हात मारून घेतला.

मतदान त्यांच्याकडे असंच होतं. एकेकानं उठायचं, फळ्यापाशी जायचं, आपल्या माणसाच्या नावाखाली सगळ्यांदेखत खडूची रेघ ओढायची. पुरुष गेले. रेघा तोरीबियोच्या नावाखाली पडत गेल्या. मग बायका उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात तो खडू आला होता. काही जणींनी पदर सावरावा तशी शाल सावरली, एकीनं खडूला हात लावण्याआधी हात झग्याला पुसले. ओदिलियाचा ऊर भरून आला. आणि एकापाठोपाठ एक त्या सगळ्यांनी रेघा ओढल्या त्या तोरीबियोच्या नावाखाली.

ओदिलियाच्या नावाखाली दोनच रेघा. एक नातिविदादची, एक तिची स्वतःची.

"अगं, वेड्या झालात का तुम्ही?" तिनं परतणाऱ्या सेवेराचा हात धरला. सेवेरा तिच्या मागच्या आळीतली. तिचाही नवरा उत्तरेलाच.

"का? तुलाच तर दिलं मत!" सेवेरा अगदी मनापासून म्हणाली. "तोरीबियो म्हणजे तूच की. तो कुठं येतोय? काम तर तुलाच करायचंय. उगाच नेम कशाला मोडायचा?"

याला काय म्हणायचं? पालथ्या घड्यावर पाणी! राजधानीतला साहेब परवडला, तो निदान परका होता. ही सेवेरा सख्खी मैत्रीण, रस्त्याच्या कामाला शेजारी उभी राहून दगड फोडायची.

रेघा मोजून झाल्यावर एर्मिलोकाकांनी तोरीबियोला फोन लावला आणि तो माइकला चिकटवला. खरखर झाली, मागे भांड्यांचा आवाज.

"तोरीबियो, गावानं तुला प्रमुख निवडलंय रे!"

"आईशप्पथ! खरं?" तोरीबियोचा आवाज सगळ्या मैदानावर घुमला. "गावाचे उपकार आहेत, काका. पण मला यायला नाही जमायचं, इथं सुट्टी मिळत नाही. पण काळजी नको! ओदिलिया आहे ना तिथं. ती बघेल सगळं. बघशील ना गं?"

टाळ्या पडल्या. ओदिलियानं टोपली परत मांडीवर घेतली. "बरं, ठेवतो, मुकादम ओरडतोय," म्हणून तोरीबियोनं फोन ठेवून दिला.

मग एर्मिलोकाका उठून उभे राहिले. त्यांनी गावप्रमुखाची काठी हातात घेतली. काळ्या लाकडाची, वर रंगीत फिती बांधलेली. तिचाही नेम कडक. एकदा उचलली की ती जमिनीला टेकवायची नाही, टेबलावर ठेवायची नाही. जुन्या प्रमुखाच्या हातातून नव्याच्या हातात गेली की मगच सभा सुटायची. बाजूला मेस्कालच्या दारूच्या बाटल्या आणि कॉफीचं पातेलं तयार होतं.

"तोरीबियो हेरोनिमो!" काकांनी पुकारा केला.

ओदिलिया शेंगा सोलत होती.

"तोरीबियो हेरोनिमो!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ओदिलियानं एक शेंग मोडली, दाणे टोपलीत टाकले, साल बाजूला टाकलं. 'हजर' या एका शब्दावर तिनं इतकी वर्षं घर, अब्रू, गावातली जागा, सगळं राखलं होतं. तो शब्द आज उच्चारला नाही तर गाव काय करेल, तोरीबियो काय म्हणेल, काही सांगता येत नव्हतं.

"ओदिलिया, अगं, हाक मारतोय ना मी!"

"मला नाही मारली, काका. तोरीबियोला मारलीत. तो आलेला नाही."

"सकाळी हजेरी दिलीस की!"

"चुकलं माझं. तो गैरहजर आहे. फार वर्षं झाली."

"बाई, आता हे काय खूळ?" चिटणीस उसळला. "सभा खोळंबलीये सगळी!"

"मग खोळंबू दे! माझा जन्म खोळंबलाय, तो नाही दिसला कुणाला?"

एर्मिलोकाका काठी धरून तसेच उभे. बसावं तर काठी टेकते, द्यावी तर घेणारा नाही. "असं कसं चालेल?" ते वैतागून म्हणाले. "निवडलेला माणूस हजर नाही म्हणजे निवड नाही. पुन्हा पहिल्यापासून हजेरी घ्यावी लागेल. चिटणीस, वाचा."

चिटणिसानं चरफडत वाचायला घेतलं. जे पुरुष होते ते हजर म्हणाले. मग नाव आलं सेवेराच्या नवऱ्याचं.

"फिदेन्सियो मार्तिनेस!"

सेवेरानं तोंड उघडलं. ओदिलियाकडे पाहिलं. मग शालीचं टोक तोंडात धरून ती खाली बघत राहिली.

"फिदेन्सियो!"

"नाही आला तो," सेवेरा हळूच म्हणाली.

पुढचं नाव, तेही नाही. त्याच्या पुढचं, नाही. एका बाईनं सवयीनं 'हजर' म्हटलं आणि जीभ चावून म्हणाली, "नाही, नाही, तो कुठला हजर!" कुणी हसलं नाही. चिटणिसाचा आवाज बारीक होत गेला.

"अहो, सकाळी तर सगळं गाव होतं!" एर्मिलोकाकांच्या कपाळावर घाम आला. "आता निम्मं गाव कुठं गेलं?"

"गेलं ते कधीच, काका," नातिविदाद म्हणाली. "तुम्ही आज मोजताय."

काठी धरून म्हाताऱ्याचा हात अवघडला होता. खुर्च्यांवर बसलेल्या त्या बायांकडे तो एकेक करून पाहत राहिला. या सगळ्यांच्या हातचं तो सणावारी जेवला होता, सगळ्यांना ओळखत होता, अमक्याची आणि तमक्याची म्हणून.

"चिटणीस," तो शेवटी म्हणाला, "कोरा कागद घ्या. इथं जो बसलाय त्याचं नाव लिहा. सेवा ज्यानं केली त्याच्याच नावावर. मत त्याच्यानंतर." मग फळ्याकडे वळून त्यानं मोकळ्या हाताच्या बाहीनं 'तोरीबियोची' एवढंच पुसलं. "तुझं आडनाव काय गं, पोरी?"

"येस्कास," ओदिलिया म्हणाली. माहेर सोडल्यापासून तिला ते कुणी विचारलं नव्हतं.

नावं लिहून झाली. कॉफी निवून गेली होती, पण कुणी उठलं नाही. चिटणीस घसा खाकरून वाचू लागला. ओदिलिया टोपलीतले दाणे चाळत होती. सवयीनं तिचा कान अजून तोरीबियोच्या नावाकडेच होता; ते आलं की गप्प राहायचं, एवढंच तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"ओदिलिया येस्कास!"

कुणी बोललं नाही.

"ओदिलिया येस्कास!"

नातिविदादनं तिला कोपरानं ढोसलं. "अगं, तुला पुकारतायत!"

ओदिलियानं मान वर केली.