भुरीच्या खुब्यातला आवाज

"कट्!"

आवाज झाला आणि सभागृहातल्या दीडशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला. भुंकणारी कुत्रीही क्षणभर गप्प झाली. लाकडी व्यासपीठावर सहा महिन्यांचं एक गुबगुबीत पिल्लू उभं होतं. त्याच्या शेजारी एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून, सांधेगुरू बसले होते. एक हात पिल्लाच्या मांडीवर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर सगळ्या जगाची करुणा.

"ऐकलंत?" ते पुटपुटले, पण खालच्या माइककडे वाकून पुटपुटले, त्यामुळे शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं. "मी नाही बोललो. हाड बोललं. यंत्र खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल, हाड कधी खोटं बोलत नाही! ताई, सांध्यांचं चूर्ण कधीपासून देताय याला?"

पिल्लाची मालकीण कावरीबावरी झाली. "अजून... दिलं नाही."

"नाही?" गुरूंनी डोळे असे उघडले की जणू बाईंनी खुनाची कबुली दिली. "सहा महिन्यांचं लेकरू, आणि सांधा आत्ताच सुकायला लागलाय! मी काय सांगत असतो? म्हणा सगळ्यांनी. लवकर चिमूट, म्हातारपणी मजबूत!"

"लवकर चिमूट, म्हातारपणी मजबूत!" सभागृह गरजलं.

"आज कराल हयगय..."

"उद्या गमवाल पाय!"

पिल्लू शेपूट हलवत गुरूंच्या बाहीला चावायला बघत होतं. त्याच्या चारही पायांत इतकी उडी भरलेली होती की दोघांनी धरलं तरी ते खाली राहीना. पण बाईंचे डोळे भरून आले होते. भरल्या डोळ्यांना पिल्लू कुठलं दिसायला? त्यांनी मदतनीस मुलीकडून चूर्णाचे तीन डबे उचलले.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या मोटारवालीने दात आवळले.

तिला सगळे मोटारवाली म्हणत, कारण विजेच्या जळालेल्या मोटारी आणि घरघरणारे पंप दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. घरात ती, तिचे सासरे, आणि त्यांची अकरा वर्षांची कुत्री, भुरी. सासऱ्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, तेव्हापासून भुरी हीच त्यांची नजर होती. ती पुढे, ते मागे. पायरी आली की ती थांबायची, ते पाय चाचपायचे. पहाटे दव पडलेल्या रस्त्यावर दोघं निघाले की वाटे, एकच जनावर चाललंय, सहा पायांचं आणि एका जिवाचं.

वर्षापूर्वी भुरी मागच्या पायाने लंगडायला लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी खुब्याचा फोटो काढला, सांध्याची झीज दाखवली, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी भुरी पुन्हा चालू लागली. तरणी झाली नाही, पण चालू लागली. सगळं ठीक चाललं होतं.

मग पंधरा दिवसांपूर्वी शेजाऱ्यांनी सासऱ्यांना या सभागृहात आणलं. गुरूंनी भुरीच्या खुब्यावर हात ठेवला, कट् वाजलं, आणि गुरू म्हणाले, "काका, अकरा वर्षं! आणि चूर्णाची आठवण आज होतेय? कुत्री काही आपोआप लंगडी होत नाही. मालक करतो तिला लंगडी."

हे वाक्य म्हाताऱ्याच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं.

"आता एक करा," गुरू म्हणाले. "डॉक्टरच्या गोळ्या बंद. दोन औषधं एका अंगात भांडतात."

सासऱ्यांनी सुनेला काही सांगितलं नाही. गोळी मी देतो म्हणाले, आणि गोळी खिशात टाकत गेले. मोटारवालीला काल त्यांच्या कोटाच्या खिशात रुमालात बांधलेल्या चौदा गोळ्या सापडल्या. भुरी तोवर उठेनाशी झाली होती. जागच्या जागी करत होती आणि लाजेने तोंड फिरवत होती. तिच्याशेजारी सासरे जमिनीवर बसलेले. तेही चार दिवस घराबाहेर पडले नव्हते.

"बाबा, हे काय केलंत?"

"पश्चात्ताप करतोय पोरी. गुरू म्हणाले, उशीर झाला की आधी वाढतं, मग उतरतं."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर माझाच उशीर जास्त होता."

मोटारवाली चक्रावली. काय पक्की बांधणी होती! कुत्रा धडधाकट असेल तर चूर्णाची किमया, नसेल तर मालकाचं पाप. या मोटारीला जळायची सोयच ठेवलेली नव्हती.

ती तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई खरमरीत बोलणाऱ्या.

"सांधा झिजला की कसला आवाज येतो बाई?" मोटारवालीने विचारलं.

"आला तर हाताला खरखर लागते. दीडशे माणसांना ऐकू जाईल असा फटाका? मी सव्वीस वर्षांत ऐकला नाही."

"पण हे चूर्ण लवकर सुरू करायला हवं होतं का हो? सासऱ्यांनी तेच मनाला लावून घेतलंय."

"ठरलेलं वय नसतं. मोठ्या बांध्याचं कुत्रं लवकर म्हातारं होतं, लहान उशिरा. उठताना अवघडतंय, जिना टाळतंय असं दिसलं की तपासायला आणायचं. पूरक चूर्णं मीही देते कधीकधी. काहींना थोडा आराम पडतो, काहींना शून्य. खरा उपयोग कशाचा? वजन आटोक्यात आणि रोजचं चालणं. ते तर तुमच्या सासऱ्यांनी अकरा वर्षं केलंय! पिल्लूपणापासून डबेच्या डबे चारले असते तरी हा खुबा झिजला नसता, असं छातीठोक कोण सांगेल? तो भामटाच."

"मी आजपासून गोळ्या सुरू करते."

"करा. पण त्यांना पटवून करा. नाहीतर खिशातून सुटलेली गोळी उशीखाली जाईल."

पटवणार कसं? सासरे एकच सांगत होते, "डोळे गेले असतील पोरी, कान शाबूत आहेत. भुरीचं हाड वाजलेलं मी या कानांनी ऐकलंय."

म्हणून आज ती दुकान बंद ठेवून इथे आली होती. भुरीला हातगाडीवर घालून, सासऱ्यांना हाताशी धरून आणलं होतं. आणि मघापासून ती बघत नव्हती, नुसती ऐकत होती.

पहिलं आलं ते म्हशीएवढं थोराड कुत्रं. कट्. मग बसक्या नाकाचं, मांडीवर मावणारं. कट्. मग हे पिल्लू. कट्. तिन्ही वेळा तोच आवाज, त्याच जाडीचा, तिळाचाही फरक नाही. दहा घरचे दहा पंप दुकानात आले तर दहा तऱ्हांनी रडतात, हे तिला वीस वर्षं माहीत होतं. शिवाय कुत्र्याच्या अंगाजवळ माइक नव्हताच. तो फळ्यांना टेकेल इतका खाली बांधला होता.

"पुढचे काका!" मदतनीस मुलगी ओरडली.

चौघांनी भुरीला उचलून व्यासपीठावर ठेवलं. ती विव्हळली. सासऱ्यांना तिच्याशेजारी फळ्यांवरच बसवलं. मोटारवाली भुरीचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली.

"काय काका, वाढलंय ना?" गुरू प्रसन्नपणे म्हणाले. "मी म्हटलंच होतं. जुनं दुखणं बाहेर पडतंय. उशीर फार केलात तुम्ही!"

सासऱ्यांची मान खाली गेली. मोटारवालीने आवाजात साखर घोळली.

"गुरुजी, एक विनंती होती. बाबांना दिसत नाही हो. त्यांना भुरीच्या हाडाचं बोलणं अगदी जवळून ऐकू द्याल का? मी मोटारीच्या आतला आवाज याने ऐकते."

तिने पिशवीतून हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला. मोटारीवर टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतली कुरकुर कानात उतरते. कुठलाही मिस्त्री हेच करतो. पण सभागृहात हशा पिकला.

गुरूही हसले. हसणारी गर्दी आपलीच असते, असा त्यांचा अनुभव होता. "ऐकवा, ऐकवा! श्रद्धेने ऐकणाऱ्याला कोण अडवतंय?"

तिने पेचकसाचं टोक भुरीच्या खुब्यावर हलकेच टेकवलं, मूठ वाकून बसलेल्या सासऱ्यांच्या कानाला लावली. गुरूंनी हात ठेवला, डोळे मिटले.

कट्!

"ऐकलंत बाबा?"

सासऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. "ऐकलं. पण कानात नाही वाजलं गं. बाहेरूनच आलं. लांबून."

"गुरुजी, पुन्हा एकदा. मुठीवर कान नीट बसला नसेल त्यांचा."

तिने टोक खुब्यावरून उचलून खाली फळीवर टेकवलं.

कट्!

सासरे दचकले. "आता कानातच फुटलं! कुठं धरलंयस?"

"तुम्हीच शोधा बाबा."

म्हाताऱ्याने मूठ कानाला तशीच ठेवून पेचकस हातात घेतला. काठीने वाट चाचपावी तसं टोक फळीवरून इंच इंच सरकवलं. गुरूंचे डोळे मिटलेलेच होते. करुणेत बुडालेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. टोक त्यांच्या पुढच्या पायातल्या ढगळ कापडी बुटाला येऊन टेकलं.

"आणि आता शेवटचं, गुरुजी!" मोटारवाली म्हणाली.

कट्!

"सूनबाई," सासरे मोठ्याने म्हणाले, आणि माइक खालीच असल्यामुळे ते सगळ्या सभागृहाने ऐकलं, "हा आवाज बुटातून येतोय!"

गुरूंनी पाय असा मागे ओढला की जणू विंचू चावला. "अर्थात! जनावराची पीडा माझ्या देहातून जमिनीत उतरते!"

"मघाशी तर हाड बोलत होतं," सासरे म्हणाले. "आता बूट बोलायला लागला होय?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. थोराड कुत्र्याचा मालक, पावभट्टीवाला, उभा राहिला. "गुरुजी, बूट काढा. आणि या खाली, सिमेंटवर. माझ्या कुत्र्याचं हाड बोलवून दाखवा."

"ही परीक्षा घ्यायची जागा नाही!"

"मग चूर्ण विकायची कशी आहे?"

"बूट काढा!" एक आवाज. मग दहा. ज्या गळ्यांतून चिमूट-मजबूत निघत होतं, त्याच गळ्यांतून आता बूट निघत होता. गर्दीला ताल तेवढा लागतो.

गुरू खाली उतरले. अनवाणी पाय सिमेंटवर, हात कुत्र्यावर, आणि दीडशे माणसांच्या नजरा त्यांच्या अंगठ्यांवर. मिनिट गेलं. दोन गेली. हाड मुकं झालं.

"आज वातावरण दूषित झालंय," गुरू म्हणाले.

मोटारवालीने हात वर केला आणि बोटांनी चुटकी वाजवली. "ही कशी वाजते? एक बोट दुसऱ्यावरून जोरात निसटतं. पायाचा अंगठाही शेजारच्या बोटावरून तसाच निसटवता येतो. सवय करावी लागते, एवढंच. वर ढगळ बूट, म्हणजे हालचाल दिसत नाही. खाली पोकळ फळ्या, म्हणजे ढोल. आणि ढोलाजवळ माइक. झाला चमत्कार."

"पण माझ्या कुत्र्याला चूर्णाने फरक पडला हो!" एक बाई कळवळून म्हणाली.

"केवढा आहे?" मोटारवालीने विचारलं.

"दोन वर्षांचा."

"त्याला काय होत होतं?"

"होत... काही नव्हतं."

"मग फरक कशात पडला?"

बाईंनी डबा पदराआड घेतला. टाकला मात्र नाही. मदतनीस मुलगी टेबल आवरत होती, तिच्याभोवती परत करणाऱ्यांची झुंबड उडाली, आणि खरं सांगायचं तर त्या झुंबडीतही दोघंतिघं नवा डबा मागत होती. गुरू मागच्या दाराने केव्हा गेले, ते कळलं नाही. गावं काही कमी नाहीत. फळ्यांची व्यासपीठं सगळीकडे असतात.

बाहेर पायऱ्यांशी भुरीला हातगाडीवर निजवलं. सासरे तिच्या कानामागे खाजवत उभे होते. त्यांनी विचारलं, "पोरी, खरं सांग. मी उशीर केला का गं?"

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. पण आजच्या दिवसात गोड बोलणं तिने पोटभर ऐकलं होतं.

"अकरा वर्षांत नाही केलात, बाबा. रोज चालवलंत तिला, अंगावर चरबी चढू दिली नाहीत. याहून जास्त कोणी केलं नसतं. चूक झाली ती या पंधरा दिवसांत. तिला दुखत होतं, आणि गोळ्या तुमच्या खिशात होत्या."

म्हाताऱ्याने ते ऐकून घेतलं, सगळं, शेवटपर्यंत. मग गाडीचा दांडा चाचपून धरला.

"दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

"सातपर्यंत."

"मग ढकल लवकर. मी हात लावतो."

वाचकहो, जनावराला दुखतं तेव्हा ते सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणारे फार जमतात. चूर्ण द्यावं की नाही, कोणत्या वयात द्यावं, हे प्रश्न खोटे नाहीत. तपासणाऱ्या डॉक्टरला ते जरूर विचारा. पण जो आधी तुम्हाला अपराधी ठरवतो आणि मग डबा पुढे करतो, त्याच्यापासून चार पावलं लांब राहा. चालू औषध कोणाच्या शब्दावरून बंद करू नका. आणि कोणीही काहीही छातीठोक सांगितलं, की शांतपणे एवढंच विचारा: हे तुम्हाला कसं कळलं? ज्याला खरोखर माहीत असतं, तो या प्रश्नावर चिडत नाही.