पाच मैल आधी

प्रत्येक कुटुंबाला एक महाकाव्य लागते. देशमुखांनी आपले महाकाव्य १९९६ सालच्या उन्हाळ्यातून उचलले होते: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे एडिसन ते पश्चिम किनाऱ्यावरचे फ्रीमाँट आणि परत, पाच आठवडे, गाडीमागे चाकांवरच्या घरासारखा चोवीस फुटी ट्रेलर जोडून, आठ वर्षांचा निहार आणि पाच वर्षांची सावनी यांच्यासह. महाकाव्याला नायक लागतो, तो नरेंद्र. नायकाला संकट लागते. ते वायोमिंगच्या घाटात आले. आणि संकट आल्याचे श्रोत्यांना कळावे म्हणून कोणालातरी किंचाळावे लागते. ते काम गेली एकोणतीस वर्षे नरेंद्रच्या बायकोकडे, आसावरीकडे होते.

आज नरेंद्रची पंचाहत्तरी होती. चँडलरला निहारच्या घरी साठ माणसे जमली होती. संध्याकाळी पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचे म्हणून कणकेचे दिवे परातींत मांडून ठेवले होते, आणि छतावरचा धुराचा अलार्म निहारने सकाळीच काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता. जेवणे झाली, पडदे ओढले गेले आणि स्लाइड शो सुरू झाला.

"अँड देन," निहार माईकवर सांगत होता, "लॅरमीच्या उतारावर ट्रेलर झोके घ्यायला लागला. लेफ्ट, राइट, लेफ्ट! आई ओरडतेय, मी आणि सावनी रडतोय. आणि बाबा? टोटली कूल. वन हँड ऑन द व्हील."

हशा झाला. पहिल्या रांगेतून कांचन उठून उभी राहिली. त्या प्रवासात फ्रीमाँटला चार दिवस देशमुखांचा मुक्काम हिच्याच घरी होता.

"मी साक्षीदार आहे हं! माझ्या दारात नरेंद्रच घेऊन आला होता ते धूड. मी आमच्या ह्यांना म्हटलं, बघा जरा! नाहीतर तुम्ही. सायकल लावताना माझ्या कुंड्या फोडता."

कांचन खोटे बोलत नव्हती. तिने जे पाहिले ते सांगत होती, आणि साक्षीदारांची अडचण नेमकी हीच असते.

आसावरीने तीस वर्षे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पोथ्यांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहण्यात घालवली होती. कोणती ओळ मूळची आणि कोणती मागाहून घुसडलेली, हे शोधणे तिचा पेशा होता. घरच्या पोथीवर मात्र तिने कधी टीप लिहिली नाही. वाढ कशी होत गेली ते ती फक्त पाहत राहिली. सुरुवातीच्या वर्षांत नरेंद्र "आम्ही गाडी सावरली" असे म्हणत असे. दहा वर्षांत त्याचे "मी सावरली" झाले. निहारच्या लग्नात वाऱ्याचा वेग ताशी साठ मैलांवर गेला. आणि आज, पडद्यावरच्या चित्रात, ट्रेलर एका दरीच्या तोंडाशी लोंबकळत होता. त्या उतारावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगर आहे. पण वीररसाला भूगोल वर्ज्य असतो.

घडले होते ते असे.

नरेंद्र पुलांवरच्या भाराचे गणित मांडणारा इंजिनियर. पाच आठवडे बाहेरचे खायचे नाही असा त्याचा पण होता. म्हणून ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून चाळीस पौंड तांदूळ, कणकेची दोन पोती, डाळी, तूप आणि आमरसाच्या डब्यांची चार खोकी आली. ट्रेलरचे स्वयंपाकघर अगदी शेपटाकडे होते. सगळे तिथेच रचले गेले. ट्रेलरसोबत आलेली माहितीपुस्तिका आसावरीने रात्रभरात वाचून काढली होती. जड सामान चाकांच्या पुढे ठेवा, नाहीतर शेपूट गाडीला हलवते, असे त्यात ठळक अक्षरांत होते. तिने तसे सांगितलेही.

"स्वयंपाकाचं सामान स्वयंपाकघरात," नरेंद्र म्हणाला होता. "बेडरूममध्ये तांदूळ ठेवतं का कोणी? आणि पुस्तकं वाचून ट्रेलर चालत नाहीत, आसा."

लॅरमीच्या उतारावर शेपटाने गाडीला हलवले. घाबरलेला माणूस जे करतो तेच नरेंद्रने केले; ब्रेकवर पाय रोवला. झोके वाढले. आसावरी ओरडली, हे खरे. "पाय काढ! ब्रेकवरचा पाय काढ!" असे ती ओरडली. मग शेजारच्या सीटवरून हात लांब करून तिने डॅशबोर्डखालची छोटी खिटी दाबून धरली. त्या खिटीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागत. ट्रेलर हळूहळू ताणला गेला, सरळ झाला आणि गुमान मागे येऊ लागला. पुढे महाकाव्यात ओरडणे राहिले. काय ओरडली ते गळले.

लॅरमीच्या कॅम्पवर नरेंद्रचे हात थरथरायचे थांबेनात. दुसऱ्या सकाळी किल्ली त्याच्या हातून तीनदा पडली. मग आसावरीने कॅम्प सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला गाठले. जत्रेच्या रिकाम्या मैदानावर त्या बाईने तिला दोन दिवस ट्रेलर मागे घ्यायला शिकवले. हात स्टिअरिंगच्या चाकाच्या तळाशी धर. शेपूट जिकडे न्यायचे तिकडे हात ने. घाई करू नकोस आणि नवऱ्याचे ऐकू नकोस. आसावरीने सगळे सामान पुढे आणून ठेवले आणि तिथून फ्रीमाँट, फ्रीमाँटहून परत एडिसन, सगळा रस्ता तिने चालवला.

सगळा म्हणजे, पाच मैल वगळून. पहिल्या ओळखीच्या घराआधी नरेंद्र खाली मान घालून म्हणाला होता, "रस्ताभर मी बाजूला बसतो. पण लोकांच्या दारात... आसा, पाच मैल आधी मला बसू दे." तिने गाडी थांबवली आणि जागा बदलली. तसे ती प्रत्येक गावी करत गेली. नरेंद्र शेवटचे सरळ पाच मैल चालवी आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावी. मागे घेण्याची वेळ येऊ देत नसे. दारात उभे असलेले यजमान टाळ्या वाजवत. फोटोंतही तोच चाकामागे होता, कारण आसावरीच्या हाती कॅमेरा तेव्हाच येई, जेव्हा स्टिअरिंग नसे.

त्या वेळी तिला ती दया वाटली होती. आता तिला कळत होते की पोथीतली पहिली खाडाखोड तिच्याच हातची होती. आणि कागद असल्याशिवाय कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या या बाईकडे स्वतःच्या बाजूने एकही कागद नव्हता.

पडदे उघडले. निहारने टी-शर्ट वाटायला घेतले. उद्या सकाळी घरचे सगळे भाड्याच्या ट्रेलरने फ्रीमाँटकडे निघणार होते. जुन्या प्रवासाची आठवण म्हणून. नरेंद्रच्या टी-शर्टवर "कॅप्टन" होते. आसावरीच्या टी-शर्टवर "नॅव्हिगेटर".

"पण तू फ्लाइटनेच ये हं, आई," निहार म्हणाला. "घाटात तुला त्रास होतो. उगाच पॅनिक नको."

"त्रास मला झाला नव्हता," आसावरी म्हणाली. "लॅरमीपासून पुढे सगळं मी चालवलं होतं, निहार."

"ऑफ कोर्स! मला आठवतंय ना. सपाट रस्त्यावर तू थोडं चालवायचीस. बाबा दमले की." त्याने प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिने नरेंद्रकडे पाहिले. तो टी-शर्टची घडी घालण्यात गढला होता.

इतक्यात शेजारणीने दार वाजवले. ट्रेलर रस्त्यावर उभा होता आणि वसाहतीच्या नियमाप्रमाणे सहाच्या आत तो घराशेजारच्या जागेत जायला हवा होता. निहार ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकमध्ये चढला. चौथ्या प्रयत्नात टपालपेटी वाकली. ट्रेलर आणि ट्रक एकमेकांशी काटकोनात, अबोला धरल्यासारखे उभे राहिले. अंगणात जमलेल्या अठरा इंजिनियरांनी अठरा सूचना दिल्या.

"लेफ्ट घे, लेफ्ट! अरे, तुझं लेफ्ट!"

"फोनवर व्हिडिओ बघ ना, यार."

"व्हिडिओ बघूनच पेटी वाकवलीय त्याने."

मग निहारचा नऊ वर्षांचा मुलगा, आर्य, ओरडला, "आजोबा! यू डू इट!"

अंगण टाळ्यांनी भरून गेले. "कॅप्टन! कॅप्टन!" कांचन सगळ्यांत पुढे होती. निहारने हसत उतरून किल्ली वडिलांच्या तळव्यावर ठेवली. नरेंद्रने किल्लीवर मूठ घट्ट मिटली. त्याने आसावरीकडे पाहिले.

ती नजर ती ओळखत होती. त्या नजरेला एक वाक्य हवे होते: त्याला उन्हात नको, बीपी आहे; किंवा कंबर धरलीय. अशी वाक्ये आसावरीने एकोणतीस वर्षे वेळेवर पुरवली होती. आजही एक जिभेवर तयार होते. तिने ते गिळले आणि हात पुढे केला.

"किल्ली."

"आई, प्लीज," निहार म्हणाला. "लोक बघतायत."

"म्हणूनच मागतेय. मागच्या वेळी कुणी बघत नव्हतं."

"आसा," नरेंद्र हळू आवाजात म्हणाला, "आजच्या दिवशी?"

"पाच मैल संपले, नरेंद्र. आपल्याच दारात आलो आता."

तेवढ्यात पायरीवर बसलेली सावनी भावाला म्हणाली, "दादा, मी ड्रायव्हरच्या मागे बसायचे ना? मग रोज कुणाची वेणी ओढत होते मी? बाबांची?"

निहार वडिलांकडे वळला.

नरेंद्रने मूठ उघडली आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. सत्तर वर्षांची आसावरी पदर खोचून ट्रकमध्ये चढली. तिने सीट पुढे ओढली, आरसे आपल्या मापाने फिरवले आणि आधी गाडी पुढे, बरीच पुढे, सरळ रेषेत नेली. ती पळून चालली आहे की काय, असे कांचनला वाटले. मग हात चाकाच्या तळाशी गेला.

ट्रेलर मागे येऊ लागला. "लेफ्ट, काकू, लेफ्ट!" एक इंजिनियर ओरडला. तिने काच खाली करून त्याच्याकडे नुसते पाहिले. एकदा ती चुकली, थांबली, हातभर पुढे गेली, पुन्हा मागे आली. पांढरे शेपूट वाकलेल्या पेटीला वळसा घालून, भिंतीपासून वीतभर अंतर राखून आत शिरले आणि थांबले. सहाला वीस मिनिटे होती.

टाळ्या पडल्या, पण तिने त्या ऐकल्या नाहीत. ती उतरून ट्रेलरच्या मागच्या दाराने आत गेली होती. तिथे, शेपटाकडच्या स्वयंपाकघरात, छतापर्यंत रचलेले होते: तांदूळ, कणीक, उरलेली पुरणपोळी आणि आमरसाच्या डब्यांची सहा खोकी.

"हे कुणी इथे ठेवलं?"

"मी," निहार म्हणाला. "किचनचं सामान किचनमध्ये ना..."

नरेंद्र दारात येऊन उभा होता. त्याने ते वाक्य ऐकले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे काहीतरी गळून पडले. आत येऊन त्याने वरचे खोके दोन्ही हातांनी उचलले. हात थरथरत होते. या वेळी त्याने ते लपवले नाहीत.

"पुढे घ्यायचं, निहार. चाकांच्या पुढे," तो म्हणाला. मग, बाहेर कांचनला ऐकू जाईल अशा आवाजात, "मी हे मागे ठेवलं होतं. मीच ब्रेक मारला. तिने सावरलं आणि तिनेच पुढे नेलं. तुझ्या दारात, कांचन, मी फक्त शेवटचे पाच मैल चालवलं."

कांचनचा हात तोंडावर गेला. एकोणतीस वर्षांची पोथी एका तिन्हीसांजेत शुद्ध होत नाही, हे आसावरीला पेशामुळे माहीत होते. पण निदान दुरुस्ती योग्य हस्ताक्षरात झाली होती.

तिने आपला "नॅव्हिगेटर" टी-शर्ट नरेंद्रच्या खांद्यावर टाकला. "हा तुला होईल. आता आत चल, दिवे लावायचेत." दारात थांबून ती निहारकडे वळली. किल्ली तिच्या मुठीतच होती.

"सकाळी सहाला निघू. ज्याला घाटाची भीती वाटते, त्याने विमानाने यावं."