लायब्ररीचं माप

गंधाली परब स्टाफरूममध्ये आली की बोलणं थांबायचं. कुणी डबा उघडायचं, कुणी वह्या पुढे ओढायचं. मुलुंडच्या त्या शाळेत ती बरीच वर्षं लायब्ररी सांभाळत होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग एका दुपारी ती जेवून परत आली, तर लायब्ररीत एक अनोळखी माणूस टेपने भिंत मोजत होता. पन्नाशीचा, खांद्याला रेक्झिनची मोठी पिशवी. सुपरवायझर श्यामसुंदर सर शेजारी उभे होते.

"काय चाललंय सर?"

"काही नाही, वाळवी लागलीय का ते बघतोय."

वाळवी बघायला टेप कशाला? तिने विचारलं नाही. त्या माणसानेही तिच्याकडे न बघता टेप गुंडाळली. ते दोघे गेल्यावर तिने सगळी कपाटं तपासली. वाळवी कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना गाठलं.

"पालकांच्या तक्रारी आहेत तुमच्याबद्दल," सर म्हणाले. "शनिवारी मीटिंग आहे, तेव्हा बोलू."

"कोणाच्या तक्रारी?"

"ते जाऊ द्या. पण मुलांना तुम्ही नक्की शिकवता काय? पुस्तकं द्यायची, परत घ्यायची. एवढं पुरे की."

गंधाली आठवीच्या तासाला मोबाईलवर फिरणारा एखादा मेसेज फळ्यावर लिहायची. हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? आणखी कोण सांगतंय? मुलं प्रश्न विचारायची आणि मग कोश, मासिकं, जुनी वर्तमानपत्रं उपसून उत्तरं शोधायची. पोरं त्यात अगदी रंगून जायची. पण हे तिने स्टाफरूममध्ये कधी सांगितलं नव्हतं. चांगलं काम आपोआप दिसतं, असं तिला वाटायचं.

आता तिला प्रत्येकाचाच संशय येऊ लागला. विज्ञानाची कुंदा रोज तिच्याबरोबर जेवायची, पण हल्ली 'पोर्शन राहिलाय' म्हणत लायब्ररीचे तास मागून घ्यायची. तिला आधीच माहीत असेल का? आठवीतली मानसी सावंत नेहमी पुढच्या बाकावर असायची, ती आता मान खाली घालून मागे बसत होती. तिला कुणी काही सांगितलं असेल का?

मानसीचं कोडं तिच्या वडिलांनीच सोडवलं. गुरुवारी नितेश सावंत लायब्ररीच्या दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही माझ्या मुलीला घरच्यांवर संशय घ्यायला शिकवताय. माझ्या वडिलांनी डायबेटिसचा एक काढा सांगितला, तर ही सगळ्यांसमोर विचारते, आजोबा, तुम्हाला कसं कळलं? म्हातारा माणूस दोन दिवस जेवला नाही नीट."

"अहो, वाचनसंस्कृती रुजवायची तर चिकित्सक वृत्ती..." गंधालीने सुरुवात केली आणि तिचं तिलाच ते खोटं वाटलं. परिपत्रकातलं वाक्य वाचावं तसं.

"ते मला कळत नाही," नितेश म्हणाला आणि निघून गेला.

शुक्रवारी शाळा सुटायच्या सुमारास खालून आरडाओरडा ऐकू आला. गंधाली खिडकीशी गेली. गेटबाहेर पालकांचा घोळका जमला होता आणि नितेशने एका माणसाची कॉलर धरली होती. ती धावत खाली उतरली.

"मुलं पळवणारा आहे! दोन-तीन दिवस गेटवर घुटमळतोय. ग्रुपवर फोटो आलाय," म्हणत कुणीतरी तिच्यासमोर मोबाईल धरला.

"अहो, मी सुतार आहे! चंद्रप्रकाश माझं नाव, विक्रोळीला राहतो," तो माणूस काकुळतीला आला होता.

"सगळे असंच सांगतात. पिशवी बघा याची, करवत आहे आत!"

नवा वॉचमन म्हणाला, "मी नाही ओळखत याला." मागून कुणीतरी चप्पल उगारली.

गंधालीने ओळखलं. टेपवाला. क्षणभर तिच्या मनात आलं, वाळवीच्या खोट्यात सामील होतात ना, आता भोगा. मग त्याच्या फाटलेल्या कॉलरकडे बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. ती मध्ये घुसली.

"सोडा त्यांना! हे आमच्या शाळेत कामाला आलेत. मी लायब्ररीत पाहिलंय यांना."

"तुम्ही मध्ये पडू नका," नितेश ओरडला.

"फोटो कोणी टाकला?" तिने मोठ्याने विचारलं. "ज्याने टाकला त्याने यांना काय करताना पाहिलं?"

एकमेकांकडे बघणं सुरू झालं. फोटो टाकणारी बाई तिथेच होती. "मी फक्त म्हटलं, हा कोण आहे," ती पुटपुटली. "मुलं पळवणारा असं मी नाही लिहिलं. ते पुढे कुणीतरी जोडलं."

नितेशचा हात सैल पडला. चंद्रप्रकाश मटकन खाली बसला. "सरांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला, "आता शाळा सुटल्यावरच ये, बाहेर थांब, कुणाशी बोलू नको. लायब्ररी तोडून कॉम्प्युटर लॅब करायची आहे, शनिवारपर्यंत गुपित ठेवायचंय म्हणाले."

तेवढ्यात श्यामसुंदर सर गेटशी पोचले. 'उद्या मीटिंगला बोलू' म्हणत ते पालकांना पांगवू लागले. गंधालीने वॉचमनकडून पाणी मागवलं आणि सुताराला आत नेऊन बसवलं.

शनिवारच्या मीटिंगला एरवीपेक्षा दुप्पट पालक आले. गंधालीने भाषण तयार केलं होतं, पण ते पर्समध्येच राहिलं. काल गेटवर काय झालं, एवढंच तिने सांगितलं. "हेच मी तुमच्या मुलांना शिकवते," ती म्हणाली. "हे तुम्हाला मी आधीच सांगायला हवं होतं. कुठल्याही तासाला येऊन बसा. दार उघडं असेल."

नितेश उभा राहिला. "तक्रार माझीच होती. पोरगी घरी उलटं बोलते, ते मला अजून पटत नाही. पण काल माझ्या हातून एखाद्याचा जीव गेला असता. लायब्ररी बंद करू नका."

निर्णय अर्धवटच झाला. अर्धी खोली लॅबला गेली. कपाटं दाटीवाटीने सरकवताना गंधालीला रडू आवरलं नाही. कुंदा मदतीला आली.

"तू हे करतेस, मला का नाही सांगितलंस गं?"

"तू तास मागत होतीस. मला वाटलं, तूही त्यांच्यातलीच."

"वेडी आहेस. मला खरंच पोर्शनचं टेन्शन होतं. आणि सगळे कुजबुजायचे ते लॅबबद्दल, तुला कसं सांगायचं म्हणून."

पुढच्या आठवड्यात दोघींनी मिळून आठवीचा तास घेतला. विषय कुंदाने निवडला होता, आणि शेवटच्या बाकावर चार पालक बसले होते.