पहिला घोट

पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशी आई अंथरुणातून ताडकन उठून भिंतीशी ताठ उभी राहिली. तुरुंगात मोजणीला उभं राहतात तशी.

"अगं, पेज उकळतेय नुसती," मी म्हटलं.

एकोणीस वर्षांनी सुटून आलेल्या आईला घरी चार दिवस झाले होते. उद्यापासून मला चहाच्या मळ्यात पानं खुडायला जायचं होतं. माझ्या तीन वर्षांच्या तेताला आजवर शेजारची स्पेसिओझामावशी सांभाळायची. आई आल्यापासून मावशीचं दार बंद होतं. उद्या पोरीला कुठं ठेवू, याच घोरात मी.

तेवढ्यात मावशीच अंगणात आली. आईनं घाईघाईनं पेजेचा पेला भरून दोन्ही हातांनी पुढे धरला.

मावशीनं हात लावला नाही.

आमच्या रवांडात देणाऱ्यानं पहिला घोट स्वतः घ्यायचा असतो. आत काही कालवलेलं नाही, हे समोरच्याला दिसावं म्हणून. तुरुंगात कोण कुणाला पाजतंय! आई विसरून गेली होती.

"रीतभात तिथंच ठेवून आलीस का गं, डाफरोझा?"

आईनं पेला ओठांना लावला. निम्मी पेज हनुवटीवरून ओघळली. मग मावशीनं पेला घेतला, कड फिरवली, एक घोट घेऊन खाली ठेवला.

"गावसभेत सगळं कबूल केलंस, शिक्षा भोगलीस. त्यावर माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण तुत्सींना शोधत फिरणाऱ्या त्या टोळीला माझी दोन पोरं तीन दिवस सापडली नव्हती. केळीच्या बागेतून ती बाहेर आली ती तुझ्या हाकेवर. तू सांभाळायचीस ना त्यांना!"

"हो," आई पुटपुटली.

कत्तलीच्या त्या दिवसांत मी दोन वर्षांची, तिच्या पाठीला बांधलेली होते. सभेतच ऐकलं मी ते.

मावशी माझ्याकडे वळली. "पोरीला सांभाळीन मी. पण हिनं माझ्या कुंपणाशी येऊन तिला हाक मारायची नाही. कधीच नाही."

ती गेली.

"नात आहे गं माझी," आई म्हणाली.

तेता डोळे चोळत दारात आली. आईनं तिला हाक मारली नाही. नुसते हात पसरले.

तेतानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, मी जाऊ आजीकडे?"